बतल, बटाटा आणि अळू

मेलबर्नकर:
इथे आमच्या शेजारी श्रीलंकेतल्या गॉलच्या एक आजी राहतात. परवा कुंपणावरून म्हणाल्या, "बतल उकडलेत, पाठवते." मी लगेच मीठ-तिखट काढून ठेवलं. डबा उघडला तर रताळी! सिंहलीत रताळ्याला 'बतल' म्हणतात. हा आपला बटाटाच ना? मग वस्तू कशी बदलली? मुंबईत होतो तोवर श्रीलंका म्हणजे रावण आणि जयसूर्या, एवढीच माझी ओळख. सिंहली ही तमिळची बहीण असेल अशी माझी ठाम समजूत होती.

वसईकर:
वस्तू आपण बदलली, त्यांनी नाही. 'बताता' हा मुळात कॅरिबियन बेटांवरचा शब्द, आणि तिथे तो रताळ्याचाच. अँडीजमधला बटाटा युरोपात मागाहून पोचला, त्याला पोर्तुगीजांनी तेच नाव चिकटवलं. रताळं आता त्यांच्याकडे 'गोड बताता'. ते 1505 मध्ये श्रीलंकेत उतरले, 1510 मध्ये गोवा घेतलं, 1534 मध्ये आमची वसई. सिंहलीने जुना अर्थ जपला, आपल्याकडे नंतरचा रुजला.
आणि सिंहली तमिळची बहीण नाही हो, आपलीच चुलत बहीण. गाव म्हणजे 'गम', हात म्हणजे 'अत'. आजींना विचारा.

डोंबिवलीकर:
मग बटाट्याला त्या काय म्हणतात?

मेलबर्नकर:
विचारलं. 'अर्तापल्', किंवा नुसतं 'अल'.

वसईकर:
पहिला डचांचा, 'आर्दआपेल', म्हणजे जमिनीतलं सफरचंद. त्यांनी 1656 मध्ये कोलंबो घेतलं. 'अल' मात्र घरचा. संस्कृत 'आलु' म्हणजे कंद; त्यावरून हिंदीचा आलू, आपला अळू, आणि 'रक्तालु'वरून रताळं. एकच कंद तीन स्वयंपाकघरांत तीन पोशाखांत.

मडगावकर:
पाव, साबण, खिडकी हेही विचारून घ्या.

मेलबर्नकर:
पान्, सबन्, जनेलय. अननसाला अन्नासि.

मडगावकर:
जनेल! आमच्या कोकणीत खिडकीला जनेलच म्हणतात. 'पान्'मध्ये शेवटचा न् टिकलाय बघा, आपल्या पावाने तो टाकला. जपानीतही पावाला 'पान'च म्हणतात, तोही पोर्तुगीजांकडूनच. पाव पायाने मळतात म्हणून पाव, ही गोष्ट आता तरी बंद करा कोणीतरी. साबणाबद्दल मात्र जपून, आपल्याकडे तो अरबी 'साबून'वरूनही आलेला असू शकतो.

डोंबिवलीकर:
हे सगळं कळायला मेलबर्नला जावं लागलं होय? वसई लोकलने तासाभरावर आहे.

मेलबर्नकर:
टोमणा मान्य. पण डोंबिवलीत माझ्या शेजारी सिंहली बोलणारं कोण होतं? इथे दोघेही परके, म्हणून कुंपणावरून बोलणं तरी झालं.
काल फ्रोझन पानं आणून अळूचं फदफदं केलं, चिंच-गूळ घालून, आणि वाटी घेऊन गेलो. नाव सांगितलं. आजींनी चमच्याने तळापर्यंत ढवळून पाहिलं आणि विचारलं, "अल म्हणालास ना? मग कंद कुठाय?"