गवतात पडलेली सोन्याची अंगठी: मेटल डिटेक्टर कुठे चुकतोय?

प्रश्न: 20 बाय 10 मीटरच्या गवतात बारीक सोन्याची अंगठी पडली आहे. डिटेक्टर एकाच फ्रिक्वेन्सीचा, 25 सेंमीची डीडी कॉइल (जमिनीवरून फिरवायची तबकडी, आत एकमेकांवर चढलेली D आकाराची दोन वेटोळी). सेन्सिटिव्हिटी (किती क्षीण सिग्नल पकडायचा ते) पूर्ण ठेवली की सारखा किरकिरतो. कचरा गाळायला डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज बंद करणारं सेटिंग) वाढवलं तर काहीच वाजत नाही. दोनदा सगळी जागा फिरून झाली. काय बदलू?

प्रतिसाद 1: आधी डिस्क्रिमिनेशन उतरवा. बारीक सोनं डिटेक्टरच्या पडद्यावर फॉइलच्याच आकड्यांवर वाजतं, जरा जाड अंगठी कॅनच्या कडीसारखी. फॉइल गाळलंत की अंगठीही गाळलीत! फक्त लोखंड गाळा, बाकी जे वाजेल ते बघा. तशाच घडणीची दुसरी अंगठी असेल तर गवतावर ठेवून तिचा आकडा आणि आवाज आधी कानात बसवा.

सेन्सिटिव्हिटी किरकिर थांबेपर्यंत खाली आणा. नुकतीच पडलेली अंगठी वरच असते, तिथे जास्त सेन्सिटिव्हिटीने खोलवरचं पकडण्याचा उपयोग नाही. खिशातला मोबाइल लांब ठेवा आणि कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळा. सैल केबल हलली तरी खोटे आवाज येतात.

प्रतिसाद 2: सेटिंगइतकाच हातही चुकतो. बहुतेकांची कॉइल झोक्यासारखी फिरते, म्हणजे दोन्ही टोकांना वर उचलली जाते आणि कडेची जागा सुटते. ती शेवटपर्यंत जमिनीला समांतर, गवताला घासत न्या. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला सुमारे दोन सेकंद. पुढचा फेरा आधीच्यावर निम्मा चढला पाहिजे. दोरी लावून मीटरभर रुंदीचे पट्टे आखा, नाहीतर मध्ये जागा राहतातच. सगळे पट्टे झाले की काटकोनात पुन्हा तेच. उभी रुतलेली अंगठी आडवीपेक्षा बरीच क्षीण वाजते, म्हणून अर्धवट आवाजही सोडू नका.

प्रश्नकर्ता: आधी गवत कापून घेऊ का? कॉइल खाली जाईल.

प्रतिसाद 1: मशीनने अजिबात नको. पात्याने अंगठी उडेल किंवा वाकेल. उंच गवत हाताने बाजूला सारा.

प्रतिसाद 3: आवाज आला की 90 अंश वळून पुन्हा फिरवा. दोन्हीकडून एकाच जागी सारखाच वाजला तर थांबा. एका बाजूने तुटक आला तर बहुधा खिळा. डीडी कॉइलमध्ये वस्तू कॉइलच्या पुढून मागे जाणाऱ्या मधल्या रेषेखाली असते, त्यामुळे दोन दिशांच्या रेषा जिथे छेदतात तिथेच बोटांनी गवत विंचरा. खुरपं शेवटी.