पाळणाघर सोडताना डिपॉझिट आणि शेवटचा हिशोब कसा लावायचा?

फोंडेकर
मुलीला १ सप्टेंबरपासून आजीकडे ठेवणार आहोत. पाळणाघर घरगुती आहे, ताई चार-पाच मुलं सांभाळतात. महिन्याला ६,००० आगाऊ, जेवणाचे दिवसाला ४० महिनाअखेरीस, डिपॉझिट ६,०००. सुरुवातीच्या कागदावर ‘एक महिन्याची नोटीस’ एवढंच लिहिलंय. १२ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर कळवलं. ताई म्हणतात सप्टेंबरचा पूर्ण महिना धरणार, म्हणजे डिपॉझिट परत नाही. हे बरोबर आहे? पुढच्या वर्षी धाकट्यालाही त्यांच्याकडेच ठेवायचंय, त्यामुळे वाद नको.

हिशोबनीस_मडगाव
कागदावर ‘पहिल्या तारखेपासून’ असं काही नसेल तर महिना नोटीस दिल्या दिवसापासून मोजायचा. १२ ऑगस्टची नोटीस ११ सप्टेंबरला संपते. ऑगस्टची फी भरलेली आहे, म्हणजे देणं लागतं ते सप्टेंबरच्या ११ दिवसांचं.

६,००० ÷ ३० = २००, गुणिले ११ = २,२००.

घोळ होतो तो इथे: कुणी २६ ने भागतं (दिवसाला २३१) आणि रविवार धरून ११ दिवस मोजतं, रक्कम २,५०० च्या वर जाते. २६ ने भागायचं तर रविवार वगळा. ११ दिवसांत एक किंवा दोन रविवार येतात, म्हणजे २,३०८ किंवा २,०७७. दोन्ही पद्धती चालतात, मिसळ चालत नाही.

जेवण नोटिसीच्या दिवसांचं लागत नाही, मूल तिथे नसेल तर पेज शिजलेलीच नाही. ऑगस्टमध्ये मुलगी २१ दिवस जेवली असेल तर ८४०. उशिरा न्यायला गेल्याचे समजा ३००. मग ६,००० − २,२०० − ८४० − ३०० = २,६६० परत.

पर्वरीची_मावशी
मी पाळणाघर चालवते, म्हणून ताईंची बाजू. जागा मोजक्या असतात, आणि चवथीच्या तोंडावर नवं मूल सहसा कुणी आणून ठेवत नाही. नोटीस त्यासाठीच असते. पण ११ तारखेच्या आत त्या जागी दुसरं मूल आलं, तर त्या दिवसापासूनचे पैसे सोडायला हवेत. एका जागेचे दोघांकडून घेणं बरं दिसत नाही.

आणि डिपॉझिट शेवटच्या महिन्याच्या फीत परस्पर ‘ॲडजस्ट’ करू नका. पालक फी थांबवतात, मग जेवणाचं, उशिराचं वसूल कशातून करायचं? फी फीच्या जागी, डिपॉझिट शेवटी.

म्हापसावाला
कायद्याचं थोडक्यात: करार कायदा, १८७२, कलम ७४. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच, लिहिलेल्या रकमेच्या आत. तुमच्या कागदावर तर जप्तीचा उल्लेखच नाही. अगदीच अडलं तर उत्तर गोव्यासाठी पर्वरीला आणि दक्षिणेसाठी मडगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तक्रारीला फी नाही. आधी १९१५ वर फोन करून बघता येतो. पण दोन-अडीच हजारांसाठी आयोग? मी तरी जाणार नाही, विशेषतः धाकट्याला तिथेच ठेवायचं असेल तर.

फोंडेकर
पटलं. आता ताईंना कसं कळवू?

पर्वरीची_मावशी
फोनवर बोला, मग तेच लिहून पाठवा. असं काहीसं:

‘ताई, १२ ऑगस्टच्या नोटिसीप्रमाणे ११ सप्टेंबरपर्यंतचे २,२००, ऑगस्टचं जेवण ८४० आणि उशिराचे ३०० डिपॉझिटमधून वजा केले की २,६६० उरतात. तुमच्या वहीत वेगळं असेल तर सांगा. १५ तारखेपर्यंत पाठवले तर बरं होईल.’

‘वहीत वेगळं असेल तर’ हे ठेवाच. हजेरी त्यांच्याकडे असते, २१ चे २२ दिवस निघू शकतात. पैसे यूपीआयने आले तर नोटमध्ये ‘डिपॉझिट परत, हिशोब पूर्ण’ लिहायला सांगा. रोख आले तर त्याच वहीत तारीख घालून दोघांच्या सह्या.

हिशोबनीस_मडगाव
बँकेत फीचं ऑटोपे लावलं असेल तर ते ऑगस्टअखेर आधी बंद करा, नाहीतर १ सप्टेंबरला ६,००० जातील आणि सगळा हिशोब उलटा फिरेल. शेवटच्या दिवशी रेनकोट, बदलायचे कपडे, बाटली, औषधं आणि तुमच्या आधारची झेरॉक्स मागून घ्या. मुलीला न्यायला येणाऱ्यांच्या यादीतली नावं धाकट्याच्या वेळी नव्याने द्यायची, जुनी चालू ठेवायची नाहीत.