काट्याचे पंक्चर आणि सीलंट
सायकलच्या ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, भरल्यावर पंक्चरचे सामान सोबत ठेवण्याची गरज उरते का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो, नक्कीच उरते’ असे आहे. बाभळीच्या काट्याने पडलेले बारीक छिद्र सीलंट उत्तम बुजवते. काटा उपसून, छिद्र खाली येईल असे चाक मिनिटभर धरावे आणि मग चाक फिरवून हवा भरावी, म्हणजे त्या द्रवातील लॅटेक्स (रबराचा चीक) छिद्रात जाऊन घट्ट होते. मात्र खड्ड्याच्या कडेवर आदळून, रिममध्ये चिमटून ट्यूबला पडणाऱ्या दोन समांतर चिरा किंवा व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली ट्यूब यांवर त्याचा इलाज चालत नाही. शिवाय सीलंटने ओल्या झालेल्या ट्यूबवर सोल्यूशन (ठिगळ चिकटवायचा गोंद) धरत नाही, हे फार थोडे जण सांगतात. ठिगळ लावण्यापूर्वी ती जागा पुसून, पूर्ण वाळवून, पॉलिश पेपरने घासावीच लागते. भर पावसात हे जमत नाही, म्हणून मी एक जादा ट्यूब कायम सीटखालच्या पिशवीत ठेवतो. लॅटेक्सचे सीलंट काही महिन्यांतच वाळते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा भरावे.