घरच्या क्लेचा गुलाब: पाकळीची कड फाटते, रंग गडद होतो

पाकळी_नाशिक

घरी केलेल्या एअर ड्राय क्लेचे (न भाजता हवेतच सुकणाऱ्या क्लेचे) गुलाब करते आहे. प्रमाण असं: एक वाटी फेविकॉल, एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक चमचा खोबरेल तेल, अर्ध्या लिंबाचा रस. मंद आचेवर गोळा पॅन सोडेपर्यंत शिजवून, मळून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवते. नमुन्याला समोर जानोरी-मोहाडीकडचा पॉलिहाउसचा डच गुलाब असतो.

चार गोष्टी जमत नाहीयेत. बॉल टूलने (टोकाला गोळा असलेल्या दांडीने) कड पातळ करायला घेतली की ती दातेरी फाटते. तारेवरचा आतला शंकू सुकला की त्याला उभी चीर जाते. फिक्कट गुलाबी केलेली क्ले सुकल्यावर गडद आणि मेणचट दिसते. आणि फुलाखालची हिरवी निदलं दोन दिवसांत सुटून येतात.

सध्या एप्रिलची कोरडी हवा आहे, खोलीत पंखा चालू असतो. गणपतीच्या सजावटीसाठी जास्वंदीही करायच्या आहेत. प्रमाण बदलून भागेल, की सरळ रेडिमेड थाई क्ले (फुलांसाठी तयार मिळणारी मऊ क्ले) आणावी?

मातीकाम

ताई, रेडिमेड आणायची गरज नाही. थाई क्ले मऊ आणि एकसारखी येते हे खरं, पण फुलं शिकताना भरपूर क्ले वाया जाते, त्यासाठी घरचीच परवडते.

आधी प्रमाण. एक वाटी गोंद (म्हणजे फेविकॉलच) आणि एक वाटी कॉर्नफ्लोअर ठीक आहे. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा स्टार्चच हवा. भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ चालणार नाही. खोबरेल काढून टाका. ते साधारण 24 अंशांखाली थिजतं, म्हणजे नाशिकच्या थंडीत क्ले दगड होणार, शिवाय पुढे खवट वास येतो. त्याऐवजी दोन चमचे बेबी ऑइल घ्या, ते खवट होत नाही. एक चमचा ग्लिसरीन घाला, तुमच्या मिश्रणात तेच नाही. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं, त्यामुळे लाटताना वरचा थर लगेच कोरडा पडत नाही. लिंबाऐवजी एक चमचा पांढरं व्हिनेगर घातलं तर प्रमाण दर वेळी सारखं राहतं, गर आणि बियाही मध्ये येत नाहीत. बुरशीसाठी पाव चमचा सोडियम बेंझोएट, आधी चमचाभर पाण्यात विरघळवून.

आता शिजवणं. कड फाटण्याचं मुख्य कारण बहुधा इथेच आहे. मक्याचा स्टार्च साधारण 62 ते 72 अंशांच्या दरम्यान फुगून चिकट होतो. तेवढं झालं की काम संपलं, त्यापुढची प्रत्येक मिनिट फक्त पाणी उडवते. मिश्रण आधी दह्याच्या गुठळ्यांसारखं फाटल्यागत होईल, मग उलथन्याभोवती गोळा होईल. मधला भाग जरा ओलसर वाटत असतानाच उतरवा. पूर्ण कोरडा गोळा दिसेपर्यंत थांबलात तर ती जास्त शिजली. हाताला कोल्ड क्रीम लावून गरम असतानाच मळा, गार झाल्यावर मळलेली क्ले कधीच गुळगुळीत होत नाही. क्लिंग फिल्ममध्ये हवा न ठेवता गुंडाळा, झिप पाऊचमध्ये घाला आणि 24 तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी सावकाश ताणा. निमुळती होत जाऊन टोकाशी तुटली तर क्ले जमली. मध्येच सरळ तुकडा पडला तर जास्त शिजली आहे. थोडं बेबी ऑइल आणि दोन-चार थेंब गोंद घालून मळा. तरी तशीच तुटली तर ती शंकू करायला ठेवा, पाकळ्यांना वापरू नका.

या कामाचा पॅन परत स्वयंपाकात घेऊ नका.

रानफूल

क्लेबद्दल वर सगळं आलंय, मी घडवण्याबद्दल लिहितो.

शंकूची चीर म्हणजे बिघाड नव्हे. क्लेमधलं पाणी उडून ती आकसते, आत तार मात्र आहे तेवढीच राहते, मग कुठेतरी फाटणारच. ती पाकळ्यांखाली झाकली जाते. फक्त शंकू तारेवर गरगर फिरता कामा नये. 18 गेजच्या तारेचं (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) टोक पक्कडीने आकड्यासारखं वळवा, गोंदात बुडवा आणि मग शंकूत खुपसा. शंकू 2.5 सेंमी उंच, पाकळी 3.5 सेंमी. शंकू पाकळीपेक्षा उंच झाला की फुलाच्या मधोमध टोक डोकावतं आणि तिथेच फूल खोटं वाटतं. शंकू दोन दिवस पूर्ण सुकवा. ओल्या शंकूवर पाकळ्या लावल्या तर तो आतून आकसत राहतो आणि पाकळ्या ओढल्या जाऊन वेड्यावाकड्या होतात.

पाकळीसाठी क्ले साधारण 1 मिमी लाटा, प्लास्टिकच्या दोन शीट्समध्ये धरून. कापल्यावर उरलेल्या पाकळ्या झाकून ठेवा. या हवेत उघड्या पाकळीवर दोन-तीन मिनिटांत पापुद्रा धरतो आणि तोच बॉल टूलखाली फाटतो. पाकळी फोम पॅडवर ठेवा. टूलच्या गोळ्याचा अर्धा भाग पाकळीवर, अर्धा पॅडवर, आणि कडेकडेने फिरवा, दाब अगदी हलका. गोळ्याला क्रीमचं बोट लावा. पूर्ण गोळा पाकळीच्या आत ठेवून बाहेर ओढला तर कड फाटतेच. खालचा तिसरा भाग पातळ करू नका. तो जाड राहिला तरच पाकळी उभी राहते.

आतून बाहेर दर ओळीत पाकळ्या अशा: 1, 2, 3, 5, 5, 7. पहिली पाकळी शंकूभोवती घट्ट गुंडाळून टोक पूर्ण झाकायचं. पुढच्या प्रत्येक ओळीतली पाकळी आधीच्या दोन पाकळ्यांच्या सांध्यावर बसते आणि शेवटची पाकळी पहिलीच्या कडेखाली सरकवायची. पहिल्या तीन ओळी एका बैठकीत होतात. मग फूल चार-पाच तास उलटं टांगा, नाहीतर पुढच्या ओळींच्या वजनाने ते बसतं. बाहेरच्या ओळींच्या पाकळ्या आधी चमच्याच्या खोलगट भागात तासभर ठेवून वाटीचा आकार घेऊ द्या, मग लावा. त्यांच्या कडा टूथपिकवर मागे वळवताना दोन्ही बाजू वळवा, मध्ये आपोआप लहानसं टोक येतं. समोरचा डच गुलाब बघा, बाहेरच्या पाकळीला ते असतंच.

निदलं सुटण्याचं कारण वेगळं आहे. सुकलेल्या क्लेला ओली क्ले पाणी लावून धरत नाही. पाण्याने वरचा थर फक्त मऊ होतो आणि नवा भाग आकसताना तो सोलून निघतो. पाणी न घातलेला गोंद वापरा, किंवा त्याच क्लेचा वाटाण्याएवढा तुकडा गोंदात कालवून लेप करा. फूल पूर्ण सुकल्यावरच निदलं लावायची.

आणि निदलं नीट बघून करा. पाचही सारखी कापली की गुलाब साच्यातला वाटतो. अनेक गुलाबांत पाचपैकी दोघांच्या दोन्ही कडांना दशा (झालरीसारखे बारीक फाटे) असतात, दोघांच्या कडा साफ असतात आणि एकाला एकाच बाजूला दशा असते. कळीत एकमेकांवर चढताना जी कड बाहेर राहते तिलाच दशा फुटतात, म्हणून असं होतं. बारीक कात्रीने तिरपे काप दिले की झालं.

रंगछटा

रंगाचं उत्तर सोपं आहे. ओल्या क्लेत गोंद दुधी असतो. पाणी उडतं, गोंद पारदर्शक होतो, म्हणून रंग दोन छटा गडद होतो. लिंबाएवढ्या गोळ्यात वाटाण्याएवढा टायटॅनियम व्हाइट (पांढरा रंग) घातला की मेणचटपणा जातो. रंग ऑइल कलरच घ्या. पोस्टर किंवा ॲक्रिलिकने क्लेत आणखी पाणी जातं आणि आकुंचन वाढतं. हवा आहे त्याच्या निम्मा रंग घाला. रंग घातला की आधी वाटाण्याएवढी टिकली सुकवून पाहा, एका दिवसात खरी छटा कळते.

एकाच रंगाच्या गोळ्यातून सगळं फूल काढू नका. मधल्या ओळींना रंग जरा गडद, बाहेरच्यांना फिका. फूल सुकलं की सॉफ्ट पेस्टल (खडूसारखा कोरडा रंग) ब्लेडने खरवडून, कोरड्या मऊ ब्रशने कडेकडून आत न्यायचं. पाकळीच्या बुडाशी पिवळसर हिरवी झाक द्या. खऱ्या गुलाबाची पाकळी उपटून पाहा, देठाकडचा भाग असाच दिसतो. पाकळीची मागची बाजू पुढच्यापेक्षा फिकी. पाकळ्यांना चकचकीत वॉर्निश अजिबात नको, पानांना चालेल.

पंख्याचा थेट वारा बंद करा. एका बाजूने सुकलेली पाकळी त्याच बाजूला ओढली जाते. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका फुलावर उपडा घातला तरी पुरे.

पाकळी_नाशिक

खूप आभार, इतकं सविस्तर कुठे मिळालं नव्हतं. जास्वंदीबद्दल विचारते: मधला लांब दांडा आणि त्यावरचे पिवळे कण कसे करायचे? आणि गणपतीपर्यंत पाऊस असतो, तेव्हा हेच प्रमाण चालेल का?

मातीकाम

पावसाळ्यात नाही चालणार. जे ग्लिसरीन आत्ता उपयोगी आहे तेच तेव्हा हवेतली ओल ओढून क्ले चिकट ठेवतं. जुलैपासून एक चमच्याऐवजी पाव चमचा घाला. पाकळ्या सुकायला आताच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरा, म्हणजे गणपतीची फुलं आषाढातच करायला घ्या. पूर्ण सुकलेली फुलंच डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. अर्धवट सुकलेलं फूल डब्यात गेलं की बुरशी आलीच.

रानफूल

जास्वंदीच्या पाकळ्या पाचच, पण मोठ्या आणि लोंबत्या, म्हणून प्रत्येकीत 26 गेजची तार घाला. पाकळीच्या मधल्या शिरेवर क्ले जरा जाड ठेवून तार गोंद लावून निम्म्यापर्यंत सरकवा. कड गुलाबापेक्षा जास्त लाटा, म्हणजे चुणी पडते. जोडताना प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली, भोवऱ्यासारखी एकाच दिशेने. एखादी उलटी बसली तरी लगेच डोळ्यांत येते.

दांडा 22 गेजच्या तारेवर, पाकळीपेक्षा लांब. पुंकेसर त्याच्या वरच्या भागातच येतात, बुडाशी नाही. लाल शिवणदोऱ्याचे 4-5 मिमीचे तुकडे चिमट्याने गोंदात बुडवून चिकटवा, सुकले की टोकांना गोंद लावून पिवळा रवा भुरभुरवा. रवा पेस्टलच्या भुकटीने रंगवा, हळदीने नको. हळदीचा रंग उजेडात उडतो. अगदी शेंड्याला पाच लहान लाल गोळ्या, प्रत्येक आपापल्या आखूड देठावर.

लाल रंगासाठी क्लेत भसाभस ऑइल कलर घातला तर ती लिबलिबीत होते आणि फाटते. क्ले मध्यम लालच ठेवा, सुकल्यावर वरून ऑइल कलरचा पातळ हात द्या. फुलाखाली हिरवा पेला, आणि त्याच्याही खाली 6-7 बारीक हिरव्या पट्ट्या असतात, त्या बहुतेक जण विसरतात.

रंगछटा

मखरात फुलं बसवताना समईपासून लांब, आणि पूजेचं पाणी जिथे शिंपडलं जातं तिथे अजिबात नको. पाणी पडलंच तर पाकळी पांढुरकी आणि मऊ होईल. त्या वेळी पुसायला जाऊ नका, बोटाचा ठसा उमटतो. टिपकागदाचं टोक लावून थेंब उचला आणि सावलीत सुकू द्या, रंग बहुतेक परत येतो.