ब्रिटनने स्वतःचे रॉकेट का सोडून दिले?

प्रश्न (परभणी): ब्रिटनने स्वतःच्या रॉकेटने एकच उपग्रह कक्षेत सोडला, असे वाचनात आले. क्षमता असूनही कार्यक्रम का थांबवला गेला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): आपण वाचले ते खरे आहे. ६६ किलो वजनाचा 'प्रॉस्पेरो' २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथून 'ब्लॅक ॲरो' रॉकेटने कक्षेत गेला. परंतु अमेरिकी रॉकेट स्वस्त पडते म्हणून सरकारने जुलैमध्येच कार्यक्रम रद्द केला होता आणि तयार असलेले रॉकेट तेवढे उडू दिले. केरोसीन व हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या त्या इंजिनांची ज्वाला जवळजवळ पारदर्शक दिसे. इतके सुबक यंत्र अर्ध्यावर सोडले, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर (लातूर): रॉकेट गेले, पण उपग्रहबांधणी टिकली. ब्रिटनच्या सरे विद्यापीठात १९८१ च्या 'यूओसॅट-१' या उपग्रहापासून वाढलेल्या कामातून घडलेले, प्रत्येकी ४४७ किलोंचे तीन उपग्रह १० जुलै २०१५ रोजी आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटने श्रीहरिकोटाहून नेले. आमच्या गच्चीवरची डिश वर्षानुवर्षे आग्नेयेकडे एकाच बिंदूवर रोखलेली आहे. त्यामागची कल्पनाही ब्रिटनमधूनच आली: सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या गतीने फिरणाऱ्या, म्हणून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहांद्वारे जगभर प्रक्षेपण करता येईल, हे ब्रिटनचे विज्ञानलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्येच मांडले होते.