मदत हवी आहे: पाण्यातच फ्लोराइड, मग मुलीला फ्लोराइडची पेस्ट द्यावी का?

नमस्कार मंडळी,
मुलगी अडीच वर्षांची. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ आली आहे. खालचे दात चांगले आहेत. दंतवैद्य म्हणाल्या, ही किडीची सुरुवात. रात्रीची दुधाची बाटली बंद करा, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा.

पण आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. गावच्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, कितीतरी जणांचे दात तपकिरी झालेत. सासूबाई म्हणतात, "पाण्यानं दात गेले, वरून पुन्हा तेच चोळायचं?" मलाही उत्तर सुचत नाही.

दुसरं म्हणजे, माझी रात्रपाळी असली की पोरगी त्यांच्याजवळ झोपते. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. वर "दुधाचेच दात, पडणारच की!"

प्रतिसाद (दंतवैद्य)
सासूबाईंची शंका रास्त आहे, त्यांना हिशेबच दाखवा. या वयात पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. १००० पीपीएमची (म्हणजे ग्रॅममागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड) असेल तर सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड. लिटरमागे २ मिलिग्रॅम असलेलं पाणी लिटरभर प्यायलं तर थेट २ मिलिग्रॅम! हिरड्यांखाली जबड्यात घडत असलेल्या कायमच्या दातांना डाग पडतात ते या पाण्याने. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी बघा. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं.

पेस्ट सोडू नका, फक्त ट्यूब मोठ्यांच्या हातात ठेवा. पांढरी रेघ आहे तोवर दात सावरतो, खड्डा पडला की मग सावरत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे साखरेचं दूध वरच्या दातांवर तसंच राहतं. खालच्यांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात.

प्रतिसाद (अंगणवाडी सेविका)
ताई, बाटली एकदम हिसकावू नका. आधी साखर कमी करत बंद करा. मग दूध जेवणानंतर वाटीने द्या, दात घासा, आणि बाटलीत नुसतं पाणी. थोड्या रात्री रडारड होईल. दात घासायचं काम आजीकडेच सोपवा. आमच्याकडे आज्या हे आयांपेक्षा नेटानं करतात. आणि "पडणारच" म्हणाल्या तर सांगा, मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, तोवर पोरीनं भाकरी कशानं चावायची?

धागाकर्ती
दोघींचे आभार. सोमवारी पाण्याची बाटली भरून नेते. तोपर्यंत बोअरचं पाणी द्यावं की टँकरचं?