बॉब कर्लंड: हौशी खेळाडू की कंपनीचा पगारी?

सदू_मास्तर: कर्लंडचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. अमेरिकेचा सात फुटी बास्केटबॉल सेंटर. १९४५ आणि १९४६ साली ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजला लागोपाठ एनसीएए (अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) विजेतेपद, दोन्ही वेळा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. बास्केटमध्ये उतरणारा चेंडू हा गडी वरच्या वर परतवायचा. त्याच्या आणि डीपॉल कॉलेजच्या जॉर्ज मायकनच्या उंचीपायी या प्रकारावर, म्हणजे गोलटेंडिंगवर, बंदी घालावी लागली. मायकन व्यावसायिक झाला. कर्लंडने ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलच्या फिलिप्स पेट्रोलियममध्ये नोकरी धरली, कंपनीच्या संघातून एएयू या हौशी खेळांच्या संघटनेच्या स्पर्धा खेळला आणि १९४८, १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. पैशामागे न धावलेला असा खेळाडू विरळाच.

तेलतुपाशी: धावेल कशाला, पैसा घरपोच येत होता! तेल कंपनीचा पगार, छातीवर तिचंच नाव. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी. मग अ‍ॅथलीट जिम थॉर्पने काय पाप केलं होतं? तोही ओक्लाहोमाचाच. आधी कधीतरी बेसबॉल खेळून चार पैसे घेतले म्हणून त्याची १९१२ ची दोन्ही सुवर्णपदकं काढून घेतली. कर्लंडला तर दरमहा मिळत होते.

सदू_मास्तर: पगार कामाचा होता हो. खेळ सुटल्यावरही तो फिलिप्समध्येच राहिला, तिथेच वर चढला.

तेलतुपाशी: आणि भरती कशावर झाली, टायपिंगच्या स्पीडवर?

कोर्टाबाहेर: १९४६ साल तुम्ही दोघंही विसरताय. एनबीए, म्हणजे आजची व्यावसायिक लीग, तेव्हा नव्हतीच. तिची पूर्वज बीएए नुकती सुरू होत होती, एनबीए हे नाव १९४९ चं. कुठला संघ पुढच्या वर्षी टिकेल याचा भरवसा नाही. उलट फिलिप्सचा संघ असा तगडा, की १९४८ च्या ऑलिंपिक निवडीत त्यांनी केंटकी विद्यापीठाला ५३-४९ हरवलं आणि लंडनला प्रशिक्षक म्हणून गेला तोही त्यांचाच बड ब्राउनिंग. पक्की नोकरी, वर चांगला खेळ. यात त्याग कुठला? माणूस हिशेबी होता, बस. आपल्याकडे रेल्वे किंवा पोलीस खात्यात खेळाडूला नोकरी लागली की पेढे वाटतात.

कराडकर: ते पेढे खाशाबा जाधवांना फार उशिरा मिळाले. तेही याच दोन ऑलिंपिकला होते, लंडनला सहावे, हेलसिंकीला कांस्य. हेलसिंकीला जायला वर्गणी गोळा करावी लागली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. पोलिसातली नोकरी १९५५ ची, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी. हौशीपणाचा तो नियम पोट भरलेल्यांसाठीच होता. कर्लंडला दोष देत नाही, पण त्याचं कौतुक 'निःस्वार्थी' म्हणून नको.

तेलतुपाशी: हेच म्हणतोय. हेलसिंकीच्या फायनलला सोव्हिएत संघाला ३६-२५ हरवलं, आणि पुढे त्यांच्याच खेळाडूंना 'सरकारी पगारी' म्हणून नावं ठेवायला अमेरिकन मोकळे!

सदू_मास्तर: बरं, 'निःस्वार्थी' सोडलं. पण १९४५ मध्ये रेड क्रॉसच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यात ए अँड एमने मायकनच्या डीपॉलला ५२-४४ हरवलं. एनबीएत एकही सामना न खेळता कर्लंड १९६१ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानाच्या यादीत) गेला. तिथे फिलिप्सची पगारपत्रकं तपासून घेत नाहीत.